मुरब्याच्या खाडीपर्यंत

दांडी, १२ जानेवारी

मेहुल,

तू नंबर बदललास, म्हणून तुझ्या बोटीच्या शेठच्या पत्त्यावर लिहितेय. दिवाळीतलं पत्र मिळालं नसेल तर हळहळू नकोस, त्यात आईच्या गुडघ्यांशिवाय काही नव्हतं.

आधी बातमी सांगते. फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला मी समुद्रातून पोहत सातपाटीला जाणार आहे. आपल्या बंदरातून निघायचं आणि उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे असं किनाऱ्या-किनाऱ्याने खाली. लोक या पोहण्यासाठी देणगी देतील आणि त्यातून आमच्या सेंटरला आणखी एक डायलिसिस मशीन येईल. किनारा रुग्णसेवा मंडळाने पत्रकं छापायला टाकली आहेत, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

तू आता वेरावळच्या धक्क्यावर उभा राहून मला शिव्या घालत असशील. घाल. एका किडनीवर माणूस पोहू शकतो. डॉक्टरांची हरकत नाही. ऑपरेशननंतर वजन वाढू नये म्हणून मी कॉलनीच्या तरणतलावात जायला लागले, त्याला सहा वर्षं झाली. समुद्र तर त्याआधीपासून ओळखीचा आहे. धक्क्यावरून उड्या मारताना तू माझ्या मागे असायचास, पुढे नाही, हे विसरू नकोस.

का, ते सांगते. सालवडला भगवंत नावाचा माणूस राहायचा. मूळचा परभणीकडचा, एका कारखान्यावर वॉचमन. आमच्याकडे चारच मशीनं, तिन्ही पाळ्या भरलेल्या, त्यामुळे त्याचं नाव वेटिंगला होतं. तोवर तो आठवड्यातून दोनदा मुंबईला जायचा. मग एकदा जायला लागला. प्रत्येक वेळी येताना विचारून जायचा, "ताई, आपला नंबर?" गेल्या महिन्यात त्याची बायको रखमाबाई एकटीच आली. मला वाटलं, विचारायला आली असेल. ती म्हणाली, "त्यांचा नंबर आता दुसऱ्या कुनाला द्या." एवढं सांगायला ती बाई रिक्षा करून आली होती.

मी घरी आले, आणि त्या दिवसापासून पोहायचं अंतर वाढवत नेलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जाळं दुरुस्त करत होते. वर न बघता म्हणाले, "दर्या काय तुज्या मशीनसारका बटनावर चालत नाय." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद आहे. आई दोघांच्या मधे निरोप्यासारखी फिरते.

गोळ्या वेळेवर घेतोस ना? शेवटचं रक्त कधी तपासलंस? क्रिएटिनिनचा आकडा कळव. फक्त आकडा लिहिलास तरी चालेल.

तुझी,
हिनाताई


बोईसर, २६ जानेवारी

मेहुल,

आज झेंडावंदनाला मंडळाचे सेक्रेटरी विनोदभाऊ भेटले आणि मला पोस्टर दाखवलं. म्हणून लगेच लिहितेय.

पोस्टरवर तू आहेस.

तोच, किडनी दिल्याबद्दल माझ्या सत्काराचा फोटो. मी शाल घेऊन खुर्चीवर बसलेली आणि तू माझ्या पायावर वाकलेला. तुझा चेहरा दिसत नाही, पण दांडीतलं शेंबडं पोरही ओळखेल. खाली लिहिलंय, 'बहिणीने भावाला जीवन दिले. आता ती सर्वांसाठी लाटांवर स्वार.'

त्या दिवशी माइकवरून तुला वाका म्हणाले तेव्हा मीसुद्धा तुझ्याइतकीच थिजले होते. तू वाकलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्याने "एकदा अजून" म्हटलं आणि तू पुन्हा वाकलास. घरात आई दर दोन घासांमागे म्हणायची, "ताईनं दिलाय म्हनून जिता हाय." आठवड्याने तू सुकासोबत वेरावळची बोट धरलीस. इथे सगळ्यांना वाटतं, तू पैशासाठी गेलास. मला कधीच तसं वाटलं नाही.

आणखी एक आहे. मशीनच्या खर्चाचा मोठा वाटा एक कंपनी उचलणार आहे. त्यांच्या माणसाची इच्छा आहे की सातपाटीला मी पाण्यातून बाहेर येईन तेव्हा तू तिथे हार घेऊन उभा असावास. विनोदभाऊंनी परस्पर हो म्हणून टाकलं. माझ्याकडे पत्ता मागितला तेव्हा मी म्हटलं, पत्ता माझ्याकडे नाही.

तेव्हा नीट वाच. येऊ नकोस. कुणाचा फोन आला, कुणी तिकीट पाठवलं, तरी येऊ नकोस. तुला यावंसं वाटलं तर घरी ये, धक्क्यावर ये, पण हार घेऊन कुणासमोर उभा राहायला येऊ नकोस.

आता माझंही एक खोटं निस्तरते. डॉक्टरांची हरकत नाही असं लिहिलं होतं. त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही. लघवीत प्रोटीन थोडं दिसलं. थोडंच आहे. ते म्हणाले, दोन आठवड्यांनी परत बघू आणि तोवर समुद्रात उतरायचं नाही. मी आपल्या बंदरात उतरतेय. तिथे लाटा नसतात, त्यामुळे तो समुद्र धरत नाही, असं मी ठरवलंय.

सुकाची बायको बाजारात भेटली होती. तुझं विचारलं. म्हणाली, "बरा हाय, आता बोटीवर नाय जात, बंदरातच जाळी शिवतो. उनात पन फुल शर्ट घालून बसतो." मला हसू आलं. तू आणि फुल शर्ट? शाळेच्या गॅदरिंगलाही बाह्या दुमडायचास.

हिनाताई


दांडी, ९ फेब्रुवारी

मेहुल,

डॉक्टरांनी सही केली. प्रोटीन पुन्हा तपासलं, दिसलं नाही. सही करताना त्यांनी मला अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी पथ्य मोडून पाणी जास्त पिऊन आलेल्या पेशंटकडे बघते. अटी घातल्यात. दर थोड्या वेळाने मीठ-साखरेचं पाणी प्यायचं. दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कितीही दुखलं तरी. आणि लघवी होतेय की नाही यावर लक्ष ठेवायचं. झाली नाही तर किडनी सुकतेय असं समजून बाहेर यायचं. हे बघायला वर्षाराणी होडीत बसणार आहे. ती आमच्याकडची दुसरी टेक्निशियन, बार्शीची. तिने समुद्र फक्त पुलावरून पाहिलाय.

पोस्टर काढून घ्यायला लावलं. विनोदभाऊंना सांगितलं, माझ्या भावाचा फोटो राहिला तर मी पोहणार नाही. ते माणूस वाईट नाहीत. म्हणाले, "अगं, लोकांना गोष्ट लागते. मशीनसाठी कोण पैसे देतं? रडू आलं की देतात." मी म्हटलं, मग भगवंतची सांगा. ते म्हणाले, "तो गेला ना. गेलेल्याची गोष्ट ऐकून लोक घाबरतात." कंपनीचा माणूस आता म्हणतोय, बघू, पोहून पूर्ण झालं तर विचार करू. म्हणजे सगळं माझ्या दोन हातांवर आलं.

बाबा बोलायला लागले. झालं असं की परवा मी बंदराबाहेर गेले होते, आणि मागे इंजिनचा आवाज आला. होडी घेऊन बाबा. माझ्या बाजूने चालत राहिले. परतताना म्हणाले, "हात पान्यात उशिरा घालतेस. दमशील." मग म्हणाले, "ओहोटी खाली वडते, तिच्याबरोबर जायचा. आठमीनंतरचा भांग धर, भरती-ओहोटी ल्हान, पानी नरम असतं. पन मुरब्याच्या खाडीत मी सांगू शकत नाय. खाडीचा पानी भायेर पडतो तवा तो कोनाचा नसतो." मी विचारलं, म्हणजे तुम्ही होडी आणणार? ते म्हणाले, "मंग काय विनोद आननार?"

आई मात्र रोज रडते. पोहण्यासाठी नाही. तिला कुणीतरी सांगितलंय की तू बोटीवर जात नाहीस. विचारते, का जात नाही? मी म्हणते, दमला असेल.

मेहुल, मलाही तेच विचारायचंय. त्या बाह्यांचा विचार डोक्यातून जात नाही. मी दिवसभर लोकांच्या हातांकडे बघते. फुल शर्ट कोण घालतं ते मला माहीत आहे. डायलिसिसच्या सुयांसाठी मनगटापासून कोपरापर्यंत दोरीसारखी फुगवलेली शीर लोकांना दिसू नये म्हणून घालतात. तुझी शीर जुनी आहे, ऑपरेशनच्या आधीची, ती तशीच राहते, तेवढंच असेल. तेवढंच आहे ना?

एक ओळ लिही. द्यायची असेल तर शिवी लिही.

हिनाताई


दांडी, २० फेब्रुवारी

मेहुल,

सुका घरी आलाय, पुतण्याच्या हळदीला. मी आज त्याच्याकडे गेले. तो बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांशी मस्करी करत होता. मला बघून बांबूची गाठ उगाच सोडून परत बांधायला लागला.

मी म्हटलं, "सुका, मेहुल आठवड्यातून किती वेळा जातो?"

मी 'कुठे' म्हटलंच नाही. तो म्हणाला, "दोनदा."

मग त्याच्या लक्षात आलं. खाली बसला. "मी त्याला वचन दिलता. त्यानं तुज्याच डोक्याची शपथ घातली ताय, मी काय करू?"

दिवाळीच्या आधीपासून. म्हणजे मी आईच्या गुडघ्यांबद्दल लिहीत होते तेव्हा तू मशीनवर होतास. मी तुला आकडा विचारत होते तेव्हाही. मी दुसऱ्यांच्या शिरेत सुया घालत होते आणि तुझ्या शिरेत वेरावळात कुणीतरी परकं माणूस सुया घालत होतं.

मी तिथून उठले आणि कुठे गेले ते आठवत नाही. स्मशानाच्या पुढे, सुरूच्या झाडांपर्यंत गेले असणार, कारण चपलेत त्यांचे काटे होते.

सुका म्हणाला, "त्याला वाटतं, ताईनं दिलेली त्यानं घालवली. आता कंच्या तोंडानं येऊ म्हनतो."

कुठलं तोंड? मला खूप राग आलाय, मेहुल. किडनी गेली म्हणून नाही. अरे, मी हेच काम करते. दिलेली किडनी जन्माला पुरेलच असं नसतं हे मला ऑपरेशनच्या टेबलावर चढायच्या आधीपासून माहीत होतं. ती सहा वर्षं चालली. सहा वर्षं तू जेवलास, बोटीवर गेलास, मशीनशिवाय झोपलास. त्यासाठीच दिली होती. जपून ठेवायला नव्हती दिली. राग याचा आहे, की तुला जगातल्या सगळ्या माणसांत माझ्यापासून लपावंसं वाटलं.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना सांगितलं तर ते रविवारी होडी काढणार नाहीत. पोहणं सोडून आजच निघावं असं दहादा वाटलं. पण लोकांनी पैसे दिलेत, रखमाबाईनेसुद्धा दिलेत, आणि मला वेरावळचं पंचविसाचंच तिकीट मिळालं, वापीहून.

हे पत्र सुकाच्या हातात देते, तो उद्या परत निघतोय. म्हणजे माझ्या आधी ते तुला मिळेल. पळून जाऊ नकोस. डायलिसिसवरचा माणूस फार लांब पळू शकत नाही, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

हिना


पालघर, २४ फेब्रुवारी

मेहुल,

दवाखान्याच्या कॉटवरून लिहितेय. हाताला सलाईन आहे, म्हणून अक्षर असं आलंय. घाबरू नकोस. हे पत्र आता टाकण्यात अर्थ नाही, माझ्याबरोबरच येईल. तरी आजच लिहिते, उद्या मी ते सोपं करून सांगेन.

सकाळी भरती भरून पाणी थांबलं तेव्हा उतरले. बंदरावर अख्खं दांडी होतं. आई आली नाही, घरात देवापुढे बसली. बाबांनी होडीला नारळ फोडला. वर्षाराणी लाइफ जॅकेट घालून मधोमध बसली होती, दोन्ही हातांनी फळी धरून. नियम एकच होता. होडीला हात लावला की संपलं.

उच्छेळीपर्यंत मी मजेत होते. खरंच. पाणी गार होतं, ओहोटी मागून ढकलत होती, बाबा बांबूच्या टोकाला बाटली बांधून मला पाणी द्यायचे. मी उलटी होऊन प्यायचे. वर्षाराणी विचारायची, "झाली का गं?" मी म्हणायचे, झाली.

नव्हती झाली.

आलेवाडीसमोर मानेला जेलीफिश लागली. विस्तव ठेवल्यासारखी आग. त्यानंतर प्यायलेलं सगळं उलटून पडलं. बाबांनी पुन्हा बाटली पुढे केली, पुन्हा पडलं. यात वेळ गेला, आणि ओहोटी काही कुणासाठी थांबत नाही. नांदगाव ओलांडलं तेव्हा उजवा खांदा वर उचलेना. मी वर्षाराणीला म्हटलं, गोळी दे. जी पेशंटांनी घेतली तर मी ओरडते, तीच. ती म्हणाली, "मागितलीस तर देनार न्हाई, हे तूच मला घरून निघताना बजावलंस." मी तिला जे बोलले ते लिहीत नाही. तिने पर्स घट्ट धरली आणि तोंड फिरवलं. मग पुन्हा माझ्याकडे वळून, "झाली का?" मी पुन्हा म्हटलं, झाली.

आणि सगळा वेळ, मेहुल, मी तुझ्याशी भांडत होते. हात मारला की एक शब्द, दुसरा मारला की दुसरा. तुला वाटेल मी मशीनसाठी पोहत होते. नांदगावनंतर मी तुझ्यावर सूड उगवायला पोहत होते. तू मला सांगितलं नाहीस ना, मग बघ मी काय करू शकते.

मुरब्याला पोचलो तेव्हा सातपाटी समोर होतं. बोटींचे झेंडे दिसत होते. वाऱ्याबरोबर बँडचा आवाजही येत होता. एवढं जवळ. मी डोकं खाली घालून हात मारले. पुन्हा बघितलं तर झेंडे डावीकडे सरकले होते. आणखी मारले. ते आणखी डावीकडे गेले, आणि लहान झाले. खाडीचं पाणी बाहेर पडायला लागलं होतं आणि मला धरून समुद्रात नेत होतं. उशीर झाला नसता तर ते इतक्या जोराचं नसतं.

बाबा होडी माझ्या बाहेरच्या बाजूला घेऊन आले. मी ओरडले, "बाबा, जमेल का?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं, किनाऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. मला तेच हवं होतं, कुणीतरी नाही म्हणावं.

ते म्हणाले, "जमंल. तिरपी मारत ऱ्हायलीस तं खाडी तुला लय भायेर नेईल, पन नंतर पानी सुटंल. तू जाशील. तुज्या आंगात काय चाललाय ता मला दिसत नाय. ता तू सांग."

वर्षाराणी होडीच्या काठावरून पुढे वाकली. तिला ओकाऱ्या होत होत्या, रडतही होती. म्हणाली, "हिना, शेवटचं विचारते. खरं सांग."

मी पाण्यात उभी तरंगत होते. बोटं सुजली होती, जीभ टाळूला चिकटली होती. रोज पेशंटांत जी लक्षणं शोधते ती सगळी मला माझ्यात दिसत होती आणि मी ती बघत नव्हते. तेवढ्यात डोळ्यांसमोर आमचं सेंटर आलं. दोन खुर्च्या. एकीवर तू, एकीवर मी, आणि मधे स्टुलावर आई, कुणाकडे बघावं ते न कळून बसलेली.

मी म्हटलं, "नाही झाली. सकाळपासून एकदाही नाही."

आणि होडी धरली.

बाबांनी मला काखेत हात घालून वर ओढलं, जशी जड जाळी ओढतात तशी. सातपाटी समोर दिसत होतं. मी रडायला लागले. बाबा म्हणाले, "रडू नको, दर्या उद्या पन हाय." मी म्हटलं, त्यासाठी नाही रडत. आणि तिथेच, खाडीच्या तोंडावर, त्यांना तुझं सगळं सांगितलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. होडी थोडा वेळ तशीच वाहत गेली. वर्षाराणीसुद्धा ओकायची थांबली. मग त्यांनी इंजिन लावलं आणि फक्त एवढं म्हणाले, "दिवाळीपासून एकटाच?"

सातपाटीला उतरले तेव्हा बँड वाजायला लागला आणि मधेच थांबला. विनोदभाऊ हार घेऊन उभे होते. त्यांना हार घालावा की नाही ते समजेना. कंपनीचा माणूस फोनवर बोलत लांब गेला. मासळी विकणाऱ्या बायकांपैकी मैनाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली, माझ्या थंड गालांवरून हात फिरवून म्हणाली, "दर्यानं परत दिली ना तुला? मंग झाला." आणि विनोदभाऊंच्या हातातला हार घेऊन तिनेच माझ्या गळ्यात घातला.

तिथून इथे आणलं. क्रिएटिनिन वाढलं होतं, सलाईन लावलं. रात्री उशिरा लघवी झाली तेव्हा वर्षाराणीने टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या कॉटवरची बाई दचकून उठली. सकाळचा आकडा खाली आलाय. डॉक्टर फार बोलले. मी ऐकून घेतलं.

मशीनचं विचारशील. निम्म्याच्या वर जमलंय. पूर्ण न झाल्यामुळे एकानेही पैसे परत मागितले नाहीत. कंपनीने अजून कळवलेलं नाही, बहुतेक कळवणार नाही. विनोदभाऊ आजपासून कारखान्यांच्या गेटवर डबा घेऊन उभे राहणार आहेत. सोबत रखमाबाई आहे. भगवंतची गोष्ट आता तीच सांगते.

आईला बाबांनी सांगितलं. ती सकाळी इथे आली, मला वाटलं मला बघायला. म्हणाली, "मी दर वक्ताला बोलायची ना त्याला. ता त्यानं मनात धरला." तिने पिशवीतून तुझा जुना स्वेटर काढला आणि माझ्या बॅगेत भरला. वेरावळात काय थंडी असते कोण जाणे.

उद्या डॉक्टर सोडतील असं म्हणतात. नाही सोडलं तरी मी जाणार आहे.

हिनाताई


वेरावळ, २७ फेब्रुवारी

मेहुल,

मी दाराबाहेरच्या बाकावर बसलेय. तू आत आहेस. मधे काच आहे. तू मला बघितलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "भाई ना पाडे छे. बेन, तमे जाओ." मी म्हटलं, जाते, पण आधी एक कागद द्या. तिने औषधं मागवायच्या इंडेंटच्या वहीतून फाडून दिला.

आधीचं पत्र तिच्याबरोबर आत पाठवलंय. हे त्याच्यामागून पाठवीन.

तुझं मशीन मला इथून दिसतंय. आमच्यासारखंच आहे. पंपाचा वेग बरोबर आहे. डाव्या हाताची पट्टी नीट बांधली नाहीये, उठताना सिस्टरला सांग.

भांडायला आलेले नाही. समुद्रात ते सगळं झालं. तुला घेऊन जायलाही आलेले नाही. तू म्हणालास तर जाऊ, नाही म्हणालास तर मी इथे चार दिवस राहीन आणि परत जाईन आणि पुन्हा येईन. तुला जागा मिळावी म्हणून मी कुणालाही वेटिंगमधून मागे ढकलणार नाही, ते तुलाही आवडणार नाही. तुझं नाव शेवटी लागेल, जसं सगळ्यांचं लागतं. तोवर तुझ्यासोबत मुंबईला मी येईन. माझ्या रजा आहेत.

नव्या किडनीचं पुढे बघू. मला विचारू नकोस, माझ्याकडे एकच उरलीय, आणि ती मी रविवारी जवळजवळ समुद्रात घालवली होती. तेव्हा घालवण्याबद्दल तू मला काही सांगूच नकोस.

एक गोष्ट माझ्याकडून पक्की. तुला कुणाच्या पाया पडायला लागणार नाही. माझ्या तर नाहीच. आई ते वाक्य पुन्हा बोलणार नाही. बाबांनी निरोप दिलाय, तसाच लिहिते, "त्याला म्हनावा, बोटीवर नाय जमला तरी चालंल. नुसता घरात बस म्हनावा."

तुझे अजून दोन तास तरी आहेत. मी बसते. मला सवय आहे, मी रोज लोकांच्या शेजारी इतकाच वेळ बसते.

सिस्टर पत्र देऊन बाहेर आली. म्हणाली, तू वाचलंस.

ती पुन्हा आत गेली. तू तिला हाताने बोलावलंस, मी पाहिलं. भिंतीकडचं तोंड आता छताकडे आहे.

ती बाहेर येतेय.

"बेन, भाई पूछे छे, तमे जम्या के नहीं?"

नाही जेवले रे. कालपासून नाही. थांब, तिला सांगते.